गुडघा दुखतोय, पण ग्रुपला सांगायचं नाहीये

या वेळी कोल्हापुरातल्या कसबा बावड्यातून एका मैत्रिणीचं पत्र आलंय. नाव अर्थातच छापत नाही, पत्र पण मोठं आहे म्हणून मुद्द्याचं तेवढं देते:

"ताई, मी २७ वर्षांची, एका खाजगी ऑफिसात अकाउंट्स बघते. रोज सकाळी रनिंग, आठवड्यातून दोन दिवस संध्याकाळी बॅडमिंटन, शनिवार-रविवार सायकल नाहीतर ट्रेक. ग्रुप लई भारी आहे आमचा, पण एक रविवार गेले नाही तर सोमवारी सगळे त्याच ट्रेकवर बोलत असतात आणि मला काही कळत नाही. आई म्हणते पोरगी घरात दिसत नाही, लोक विचारतात. जुलैत पन्हाळा ते पावनखिंड ट्रेक आहे, मुक्कामाचा, त्याला ती नकोच म्हणते. स्थळं बघायला सुरुवात झालीय, त्यातल्या एकानं विचारलं लग्नानंतर पण हे सगळं चालू ठेवणार का, मी काय बोलू ते सुचलं नाही. शाळेपासूनची माझी जिवलग मैत्रीण, तिच्या डोहाळजेवणाला मी जोतिबाच्या राईडमुळं पोचले नाही, तेव्हापासून ती बोलत नाहीये. मी खरंच जास्त करतेय का? कमी करू का? गेले दोन महिने उतरताना उजवा गुडघा पण दुखतोय, पण ते होईल बरं."

अगं, पत्र वाचून झाल्यावर मी परत त्या शेवटच्या वाक्यावर आले. आईवर तू पानभर लिहिलंयस, मैत्रिणीवर लिहिलंयस, त्या स्थळवाल्यावर पण लिहिलंयस, आणि स्वतःच्या गुडघ्याला एक ओळ, ती पण "होईल बरं" म्हणून गुंडाळलेली. पत्रात मधेच कुठंतरी तू लिहिलं होतंस की हे ग्रुपमध्ये कुणाला बोलले नाहीये, कारण मग पुढच्या ट्रेकला विचारणार नाहीत. मला विचारशील तर या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तेच आहे.

आधी सरळ उत्तर देते. तू जास्त करतेयस असं मला वाटत नाही. सत्तावीस वर्षांची कमावती पोरगी पहाटे उठून पळते, सुट्टीला डोंगरात जाते, चार चांगली माणसं जोडते, यात कमी करण्यासारखं काय आहे? मला काळजी वाटते ती यातलं किती तू आवडीनं करतेस आणि किती मागं पडायच्या भीतीनं करतेस याची. दुखणाऱ्या गुडघ्यानं जोतिबाचा घाट चढायचा, जिवलग मैत्रिणीचं डोहाळजेवण सोडून जायचं, आणि का, तर सोमवारी ग्रुपवर फोटो पडतील त्यात आपण नसू. तू कमी करू का असं विचारतेस, मी म्हणते तू थांबायला शिक, कारण ज्याला थांबता येतं तोच वर्षानुवर्षं डोंगरात जातो.

आता गुडघ्याचं. उतरताना दुखतं, जिना उतरताना दुखतं आणि बराच वेळ बसून उठलं की वाटीच्या मागं चमक येते, असं लिहिलंयस. पळणाऱ्या आणि ट्रेक करणाऱ्या लोकांत असलं दुखणं लई कॉमन आहे आणि बहुतेक वेळा ते वेळेत बघितलं तर बरं होतं, पण नेमकं काय आहे ते तपासूनच कळणार, म्हणून आधी हाडांच्या डॉक्टरांकडं जा आणि मग फिजिओथेरपिस्टकडं, यूट्यूबवर व्हिडिओ बघून पट्टी गुंडाळून पळू नकोस. गुडघा सुजत असेल, मधेच अडकत असेल, किंवा पाय टेकल्यावर लचकून दगा देत असेल तर मग एक दिवस पण थांबायचं नाही. साधारण काय झालेलं असतं सांगते, पळायचं अंतर आणि चढ-उतार एकदम वाढवलेला असतो आणि मांडीचे नि कमरेच्या बाजूचे स्नायू तेवढे तयार नसतात, त्यामुळं सगळा भार वाटीवर येतो. तुझं बघ ना, सकाळी रंकाळ्याला डांबरी रस्त्यावर पळणं, मधे बॅडमिंटनच्या उड्या, शनिवारी घाट, रविवारी गड, आणि सोमवारी परत पळणं. या सगळ्यात रिकामा दिवस कुठाय? मला तरी पत्रात सापडला नाही. स्नायू व्यायामानं थकतात आणि विश्रांतीत बांधले जातात, ती विश्रांतीच तू काढून टाकलीयस.

सायकलची सीट पण एकदा तपासून घे. सीट खाली असली की पेडल मारताना गुडघा जास्त वाकतो आणि पुढच्या बाजूला दुखायला लागतं. पेडल एकदम खाली असताना गुडघ्यात थोडासाच बाक राहिला पाहिजे. आणि जोतिबाच्या चढाला जड गिअर टाकून दात-ओठ खाऊन रेटायचं बंद कर, हलका गिअर घे, पाय जरा भरभर फिरू देत, मागं पडलीस तर पड. गडावरून उतरताना काठी घे, ट्रेकिंग पोल दोन असले तर अजून चांगलं, गुडघ्यावरचा बराच भार हातावर येतो.

अजून एक विचारते, तू लिहिलेलं नाहीयेस पण विचारलं पाहिजे. पाळी वेळेवर येते का? सकाळी उपाशीपोटी पळायचं, घाईत चहा-बिस्किट, मग दुपारी डब्यातल्या दोन चपात्या आणि संध्याकाळी परत बॅडमिंटन, असं चालू असेल तर शरीराला जेवढं लागतं तेवढं मिळत नाही, मग पाळी लांबते, कुणाची बंद पण होते, आणि पोरी खूश होतात की बरं झालं, ट्रेकला कटकट नाही. ते बरं नसतं गं. हाडं कमकुवत होतात त्यानं, बारीक फ्रॅक्चर व्हायला लागतात. तसं काही असेल तर डॉक्टरांना लाजू नकोस, स्पष्ट सांग, आणि रक्तातलं हिमोग्लोबिन पण बघून घे. पळून आल्यावर लगेच खा. कोल्हापुरात राहून दुधाला कमी नाही आपल्याला, अंडी आहेत, शेंगदाणे-गूळ आहे, ते पावडरचे महागडे डबे लागत नाहीत.

आपल्या कोल्हापूरचीच राही सरनोबत, तिचं नाव तू ऐकलं असशीलच, नेमबाजीतली. तिला कोपराची दुखापत झाली होती आणि त्यात तिचा बराच काळ गेला. तिनं तो वेळ दिला, आणि २०१८ ला जकार्ताच्या एशियन गेम्समध्ये २५ मीटर पिस्तुलमध्ये गोल्ड आणलं. एवढ्या वरच्या लेव्हलची खेळाडू दुखापतीसाठी थांबू शकते, आणि तुला दोन-तीन महिने उतार नि घाट टाळायला कसली लाज?

मग ग्रुपला सांग. एखाद्या दिवशी चहाला थांबता तेव्हा सगळ्यांसमोर साध्या शब्दात सांग, माझा गुडघा दुखतोय, डॉक्टरकडं जातेय, पुढचे काही आठवडे मी फक्त सपाटीवर सायकल मारणार आणि बॅडमिंटनला बाहेर बसून स्कोअर ठेवणार. आणि मग बघ कोण काय करतं. जो ग्रुप चांगला असतो त्यात लगेच दोघंतिघं बोलतात की मला पण झालेलं, अमक्या डॉक्टरांकडं जा, आणि एखादी म्हणते चल रविवारी मी पण तुझ्याबरोबर हळू येते. जो ग्रुप चांगला नसतो त्यात शांतता होते. तसं झालं तर वाईट वाटेल, पण अशा लोकांबरोबर मुक्कामाला जायच्या आधी ते कळलेलं बरं की नाही? कारण डोंगरात पाय मुरगळला, ताप आला, अंधार पडला, तेव्हा तुझ्याजवळ तेच असणार.

ग्रुप कसा ओळखायचा ते इथंच बोलते, कारण बऱ्याच पोरींची पत्रं येतात यावर. सगळ्यात हळू चालणाऱ्याच्या मागं कुणीतरी अनुभवी माणूस असतो का ते बघ. पुढचे लोक पुढं निघून जातात आणि मागचे धापा टाकत वाट शोधतात, असं असेल तर तो ग्रुप किती का गड केलेला असेना, मला तो पसंत नाही. ओढ्याला पाणी वाढलेलं असलं की "चला रे काय होत नाय" म्हणणारा लीडर चालणार नाही, परत फिरूया म्हणणारा पाहिजे. गडावर बाटल्या नेणारे असतील तर विषयच संपला, अशांच्या बरोबर एक दिवस पण जाऊ नकोस, मग गाडी कुणाची का असेना. आणि पोरींच्या सोयीचं बोललं की तोंड वाकडं करणारे पण नकोत. पोरी ट्रेकला पाणी कमी पितात, कारण आडोसा कुठं मिळणार, बोलायचं कुणाला, आणि मग दुपारी डोकं दुखतं, पायात गोळे येतात, लघवीची जळजळ घेऊन घरी येतात. हे बंद करा. निघतानाच लीडरला सांगायचं, दोन-अडीच तासांनी पोरींसाठी थांबायचं, दोघी दोघी जायचं, बास. वापरलेले पॅड कागदात गुंडाळून झिपवाल्या पिशवीत घालून परत आणायचे, डोंगरात टाकायचे नाहीत. तुम्ही बारा जणांत तिघी पोरी आहात, तिघींनी मिळून बोललात की सवय होते बाकीच्यांना.

आता आई. तुला तिचा राग आलाय ते पत्रात दिसतं, आणि तो येणं मला कळतं, पण जरा तिच्या बाजूनं बघ. पोरगी पहाटे पाचला बूट घालून जाते, संध्याकाळी थकून येते, रविवारी अंधारात निघते आणि अंधारात येते, आणि तिला त्यातलं काय दिसतं? धुवायला पडलेले चिखलाचे कपडे आणि मोबाईलवर चार फोटो, त्यात अनोळखी पोरं. ती कधी त्यांना भेटली नाही, कधी ती जागा बघितली नाही, तुझ्या बोलण्यातलं कुठलं नाव कुठल्या चेहऱ्याचं ते पण तिला माहीत नाही. अशात शेजारच्या काकूंनी विचारलं की कुठं असते हो पोरगी, तर ती काय सांगणार? तिच्याकडं उत्तर नाहीये म्हणून ती तुझ्यावर चिडते.

तर तिला उत्तर दे. ग्रुपमधल्या त्या दोघींना एका रविवारी घरी पोह्यांना बोलव, लीडर कुणी मोठा, कुटुंबवाला असेल तर त्याला आणि त्याच्या बायकोला पण बोलव. आई माणसं बघते गं, दोन वाक्यात तिला कळतं कोण कसं आहे. एका सकाळी तिला रंकाळ्यावर घेऊन जा, ती बाकावर बसू दे, तू पळ, ती बघू दे की तिथं तिच्या वयाच्या किती बायका चालायला येतात, कदाचित ती पण चालायला लागेल. आणि पाऊस ओसरला की सप्टेंबरात तिला मसाई पठारावर ने, पन्हाळ्यावरून गाडी जाते, चढ काही नाही, अख्खं पठार रानफुलांनी भरलेलं असतं, तिथं देवीचं देऊळ पण आहे. तू एवढी वर्षं जे बघतेस ते तिनं एकदा बघितलं पाहिजे. एसटीनं पन्हाळ्याला जायचं म्हटलं तरी २०२३ पासून बायकांना अर्धंच तिकीट आहे, त्यामुळं "कशाला उगाच खर्च" हे पण तिला म्हणता येणार नाही.

लोकांचं म्हणशील तर कस्तुरी सावेकर आपल्याच कोल्हापूरची, २०२२ च्या मे महिन्यात तिनं एव्हरेस्ट सर केलं. तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकमध्ये नेमबाजीत वर्ल्ड चॅम्पियन झाली. यांच्या आयांना कुणी विचारलं नसेल काय, पोरगी सारखी बाहेर कुठं असते म्हणून? विचारलंच असणार. तू काही एव्हरेस्टला जायला पाहिजेस असं नाही, रविवारी मजेत सायकल मारायला मेडल लागत नाही, पण आईला सांगायला हे उपयोगी पडतं, आपल्या गावच्या पोरींचं ऐकलं की तिला पटतं.

मुक्कामाच्या ट्रेकबद्दल तिच्याशी वेगळं बोल, आणि मोघम बोलू नकोस. "सगळे आहेत, काय होत नाही" या वाक्यानं कुठल्याच आईचं आजपर्यंत समाधान झालेलं नाही. कागदावर लिहून दे: बरोबर कोण कोण, त्यातल्या दोघांचे नंबर, त्यांच्या घरच्यांचे पण नंबर, गाडी कुणाची, रात्री कुठल्या वाडीत कुणाच्या घरी राहणार, पोरींची झोपायची सोय वेगळी आहे का, परत कधी आणि कुठं पोचणार. डोंगरात रेंज जाते, हे आधीच सांगून ठेव, म्हणजे फोन लागला नाही की ती रात्रभर जागणार नाही, आणि रेंज आली की पहिला मेसेज तिला टाक, स्टोरी नंतर टाकता येते. अडचण आली तर ११२ ला फोन करायचा हे तुला माहीत आहे, तिला पण माहीत असू दे. एवढं सगळं सांगितल्यावर पण ती नको म्हणाली तर? तू सत्तावीस वर्षांची आहेस, तू जाऊ शकतेस, भांडून नाही पण ठामपणे सांगून. खोटं बोलून मात्र जाऊ नकोस. मैत्रिणीकडं राहते म्हणून सांगून पोरी ट्रेकला जातात, आणि मग काही झालं तर कुणाला माहीतच नसतं ती कुठं आहे. याच्याइतकं धोक्याचं काही नाही.

आणि आता त्या ट्रेकचं खरं सांगायचं तर, आई हो म्हणाली तरी तू या जुलैत जावंस का, हा वेगळाच प्रश्न आहे. पन्हाळा-पावनखिंड कसा आहे तुला माहीत आहे. सिद्दी जौहरच्या वेढ्यातून १२ जुलै १६६० च्या रात्री महाराज निघाले तीच ही वाट, राजदिंडीनं खाली उतरायचं, मसाई पठार, मग करपेवाडी, आंबेवाडी करत पांढरपाण्याकडं जायचं, पन्नासेक किलोमीटर, दोन दिवस, आणि सगळं भर पावसात. भाताच्या खाचरातून, बांधावरून, गुडघाभर चिखलातून चालायचं, पाय पडेल तिथं घसरणार, पायाला जळवा, ओढे भरलेले, पठारावर विजा. चांगल्या गुडघ्याचे लोक दुसऱ्या दिवशी दुपारी लंगडत असतात. आणि ती वाट बाजीप्रभूंची, शिवा काशिदांची, बांदल मावळ्यांची आहे, तिथं चालताना अंगावर काटा येतो हे मला पण माहीत आहे, त्यामुळं तुझी ओढ मला समजते. पण फिजिओनं जूनअखेरपर्यंत मोकळीक दिली नाही तर यंदा जाऊ नकोस. कस्तुरीला पण २०२१ मध्ये शिखर न गाठता परत यावं लागलं होतं, तिनं पुढच्या वर्षी केलं. ही वाट साडेतीनशेच्या वर वर्षं तिथंच आहे आणि हा ट्रेक दर जुलैला असतो.

अगदीच राहवत नसेल तर पाऊस कमी झाल्यावर पांढरपाण्यापर्यंत गाडीनं जाऊन खिंड बघून ये, आईला घेऊन जा. किंवा ग्रुपला म्हण, यंदा मी चालणार नाही, मुक्कामाच्या ठिकाणी गाडीतून सामान आणि कोरडे कपडे घेऊन येते. असं एक माणूस सगळ्याच ग्रुपला हवं असतं आणि कुणी तयार होत नाही. गेलीसच चालायला, म्हणजे पुढच्या वर्षी, तर बुटाला ग्रिप बघून घे, मोज्यांचे जास्तीचे जोड आणि एक पूर्ण कोरडा ड्रेस प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेव, हेडटॉर्च, ओआरएसची पाकिटं, आणि मोबाईल पण प्लॅस्टिकमध्ये.

त्या स्थळवाल्याचं थोडक्यात. "लग्नानंतर पण हे चालू ठेवणार का?" याला उत्तर "हो" एवढंच आहे. बघू, जमेल तसं, घरच्यांवर अवलंबून, असं काही बोलू नकोस, कारण तू "बघू" म्हणालीस की ते घरी जाऊन "सोडणार आहे ती" असं सांगतात, आणि मग लग्नानंतर पहिल्या रविवारी पहाटे तू बूट घातलेस की सगळ्यांना धक्का बसतो. पहिल्याच भेटीत सांग, मी सकाळी पळते, महिन्यातून दोन-तीन रविवार बाहेर असते, मला यातच आनंद आहे. आणि त्याला विचार, तुझे रविवार कसे असतात, मी नसताना घरात सकाळचा चहा-नाश्ता कोण करणार, मुक्कामाला गेले तर तुझ्या आईला कोण सांगणार, मी की तू. हे प्रश्न लई उपयोगी आहेत, पोरगा चांगला असेल तर तो विचार करून उत्तर देतो. त्यानं स्वतः ट्रेकर असायची काही गरज नाही. तुला जाताना त्रास होऊ नये एवढं त्याला वाटलं पाहिजे. आणि नकार आला तर येऊ दे, वर्षभरानं भांडण्यापेक्षा आत्ता नकार बरा.

राहिली मैत्रीण. इथं मी तुझी बाजू घेणार नाही. आईच्या बाबतीत, स्थळाच्या बाबतीत मी तुझ्या बाजूनं आहे, पण डोहाळजेवण चुकवायला नको होतंस गं. ती राईड पुढच्या आठवड्यात पण होती, दर आठवड्याला असते. पहिलटकरीण, सातवा महिना, हिरवी साडी नेसून, फुलांची वाडी भरून बसलेली असणार, आणि दर वेळी दार वाजलं की तिनं बघितलं असणार तू आलीस का. आणि तू त्या वेळी जोतिबाच्या कमानीजवळ फोटो टाकलास, हे पण तूच लिहिलंयस, म्हणजे तिनं तो बघितला असणार.

तू तिला तीन मेसेज टाकलेस आणि तिनं बघून उत्तर दिलं नाही म्हणून तुला वाईट वाटलंय. मेसेज टाकू नकोस आता, घरी जा. सासर इचलकरंजीला असलं तरी बाळंतपणाला ती आता शिवाजी पेठेत माहेरी आलीय म्हणालीस, म्हणजे तुझ्या घरापासून गाडीवर किती लांब आहे ते? सायकलचे कपडे घालून, राईड संपवून जाता जाता, असं जाऊ नकोस. मुद्दाम जा, वेळ काढून, रविवारी सकाळी जा, म्हणजे तिला कळेल की आज तू तिच्यासाठी राईड सोडलीस, तुला ते बोलून दाखवायला पण लागणार नाही. तिच्या आवडीचं काहीतरी करून ने, तुझ्या आईला विचार, डोहाळ्याचं काय न्यायचं तिला चांगलं माहीत असतं. गेल्यावर आधी "चुकले" म्हण आणि तिथंच थांब. त्याच्यापुढं "पण ग्रुपनं आधी ठरवलं होतं", "पण मी प्रयत्न केला" असलं काही जोडू नकोस. ती रागावली तर रागावू दे, रडली तर रडू दे, तू बस.

आणि मग जात राहा. तिला डॉक्टरांनी चालायला सांगितलं असेल तर संध्याकाळी तिच्याबरोबर रंकाळ्याला हळूहळू चाल, तुझा गुडघा पण आत्ता तेवढंच मागतोय. ट्रेकच्या गोष्टी तिला सांग की, तिनं विचारलं तर. मला वाटतं तिला तुझ्या फिरण्याचा राग कधीच नव्हता, शाळेत तूच तिला डोंगरावर ओढून नेत होतीस असं तू लिहिलंयस, आणि ती येत होती. फक्त अलीकडं तू तिला काही सांगत नाहीस, कारण तिला पेस आणि एलिवेशन, म्हणजे किती वेगानं पळालो नि किती चढ चढलो, ते कळत नाही असं तुला वाटतं. तिला ते नाही कळलं तरी तुला ती चांगली कळते, आणि तू तिला.

एक अजून कर. तिचे दिवस भरत आलेत, नवरा इचलकरंजीत, वडील वयस्क, भाऊ पुण्याला. तिला विचार नाव कुठल्या हॉस्पिटलात घातलंय, फाईल कुठं ठेवलीय, रात्री-अपरात्री निघायला लागलं तर गाडी कोण काढणार. तुला गाडी चालवता येते, चारला उठायची सवय आहे, घाईत बॅग भरायची पण सवय आहे. तिच्या आईला तुझा नंबर देऊन ये आणि सांग, कितीही वाजता फोन करा. आणि त्या आठवड्यात मग कुठली राईड असली तरी ग्रुपवर आधीच "मी नाही" म्हणून टाक.